मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि नीरा कालव्याची ब्लॉक पद्धत

कालव्याच्या पाण्यासाठी तुम्ही नमुना नंबर ७ चा अर्ज भरता. तुमच्यापैकी काही जणांच्या नावावर ऊस ब्लॉक किंवा फळबाग ब्लॉक मंजूर असतो. आवर्तन सुटले की शेजपाळी लागते आणि आपली पाळी कधी येणार याची वाट पाहत तुम्ही रात्री चारीवर जागता. यातला ब्लॉक हा शब्द आपल्या पाटबंधारे खात्यात सव्वाशे वर्षांपूर्वी आला. तो आणला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी, आणि तोही म्हैसूरला नव्हे तर पुणे जिल्ह्यात, नीरा डाव्या कालव्यावर.

विश्वेश्वरय्या म्हटले की कृष्णराजसागर धरण, भारतरत्न आणि १५ सप्टेंबरचा अभियंता दिन एवढेच बहुतेकांना आठवते. त्यांच्या वक्तशीरपणाच्या आणि मेणबत्तीच्या गोष्टी शाळेत सांगितल्या जातात, त्या इथे बाजूला ठेवू. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळे आहे. धरणात साठलेले पाणी कोणत्या गावाला, कोणत्या जमिनीला, कोणत्या पिकाला आणि किती वर्षांच्या हमीवर द्यायचे, हा प्रश्न त्यांनी दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात हाती घेतला. त्याचे उत्तर त्यांना काही अंशी सापडले, काही अंशी हातून निसटले. दोन्ही गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत.

पुण्यात शिक्षण, धुळ्यात पहिली नोकरी

त्यांचा जन्म १८६१ सालचा, म्हैसूर संस्थानात चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील लहानपणीच गेले. बंगळूरला मामाच्या आधाराने आणि शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बी.ए. पूर्ण केले. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ च्या अंतिम परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढच्याच वर्षी इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांना नोकरी मिळाली. नाशिकला थोडे दिवस काढून ते खानदेशात धुळ्याला गेले.

धुळ्याजवळ दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडच्या काठाला न्यायचे काम त्यांच्याकडे आले. पाण्याने एका काठाला खाली उतरायचे आणि दुसऱ्या काठाला पुन्हा वर चढायचे, असे हे वक्रनलिकेचे काम. पावसाळा सुरू झाला होता, पात्रात पुन्हा पुन्हा गाळ भरत होता. काम पावसाळ्यानंतर करू असे त्यांनी वरिष्ठांना कळवले, तर उलट कानउघाडणी झाली. मग त्यांनी भर पावसातच ते पुरे केले.

पण पांझरेच्या काठी याहून शिकण्यासारखे काही होते, ते म्हणजे फड पद्धत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर गावकऱ्यांनी शतकानुशतके चालवलेली ही व्यवस्था. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजेच फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, तिसऱ्यात आणखी काही, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन बहुतेक सर्व फडांत असायची, त्यामुळे ऊस एकाकडे आणि ज्वारी दुसऱ्याकडे असा प्रकार नसे. पाटकरी, बारेकरी, जागल्या हे पाण्याचे नोकर गावाने नेमलेले आणि त्यांचा मोबदलाही गावच देई. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी सगळे मिळून पिकाचे क्षेत्र कमी करत. वरच्याचे भिजले आणि खालच्याचे वाळले, असे सहसा होऊ द्यायचे नाही हा त्यातला दंडक. पंधरा-वीस वर्षांनी विश्वेश्वरय्यांनी नीरेवर जी योजना मांडली, तिचे फडाशी असलेले साम्य लपत नाही.

सक्करची नदीपात्रातली विहीर

१८९३ ते १८९५ या काळात ते सिंधमध्ये सक्करला होते. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. गावाला सिंधू नदीचे पाणी द्यायचे होते. नदी दारात, पण पाणी गढूळ, आणि गाळणीच्या टाक्या बांधण्याएवढा पैसा नगरपालिकेकडे नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि तिच्यातून प्रवाहाच्या दिशेने तळाखाली बोगदा खणला. वाळूतून झिरपलेले स्वच्छ पाणी विहिरीत जमू लागले आणि तेच पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले. वाळूचीच गाळणी झाली.

नदीकाठच्या तुमच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर बहुधा याच तत्त्वावर चालते. म्हणून पात्रातली वाळू उपसली गेली की दोन नुकसाने एकदम होतात. विहिरीचे झरे कमी होतात आणि जे पाणी येते तेही गाळून येत नाही. गावाची गाळणीच ट्रॉलीत भरून जात असते, हे ग्रामसभेत आकड्यांपेक्षा लवकर पटते.

खडकवासल्याची दारे

सक्करनंतर सुरत आणि मग पुणे. १८९९ साली पुणे पाटबंधारे जिल्ह्याचे कार्यकारी अभियंता म्हणून मुठा आणि नीरा हे दोन्ही कालवे त्यांच्या ताब्यात आले. वर्ष लक्षात घ्या. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि १८९९-१९०० चा त्याहून वाईट दुष्काळ डोक्यावर होता.

मुठा कालव्याला पाणी खडकवासल्याच्या तलावाचे. १८७९ मध्ये पूर्ण झालेले हे धरण पुणे शहर, लष्कर आणि शेती या तिघांची तहान भागवी. पावसाळ्यात सांडव्यावरून सहा-आठ फूट पाणी वाहून जायचे आणि उन्हाळ्यात टंचाई व्हायची. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि धोक्याचे होते. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारी लोखंडी दारे बसवली.

त्यामागची कल्पना साधी होती. दाराला साखळीने समतोल वजन जोडलेले असते आणि ते एका हौदात टांगलेले असते. तलाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पाणी त्या हौदात शिरते. पाण्यात बुडालेले वजन हलके होते, जसा विहिरीतला भरलेला घडा पाण्यात असेपर्यंत हलका लागतो. तोल जातो आणि दार उघडते. पातळी उतरली की हौद रिकामा होतो, वजन पुन्हा जड होते आणि दार मिटते. रात्री-अपरात्री पूर आला तरी माणसाला धावत जावे लागत नाही. १९०३ पर्यंत ही दारे बसली आणि साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले, पण नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन म्हणून एक पैसाही घेतला नाही. ग्वाल्हेरचे तिग्रा धरण आणि पुढे कृष्णराजसागर येथेही अशी दारे बसली. खडकवासल्याचे ते जुने धरण १९६१ च्या पानशेत पुरात फुटले. आज दिसते ते नंतर दुरुस्त केलेले धरण आहे, त्यावर ती दारे शोधू नका.

नीरा कालव्यावरचा खरा पेच

नीरा डावा कालवा हे दुष्काळाचे अपत्य. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात मजुरांना काम द्यायचे म्हणून त्याची खोदाई सुरू झाली आणि १८८५ मध्ये त्यात पाणी सुटले. भोरजवळच्या भाटघर धरणात पाणी साठवायचे, ते नदीने वीरपर्यंत आणायचे आणि तिथून कालव्याने पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरड्या पट्ट्यात न्यायचे. सरकारचा हेतू होता की लोकांनी या पाण्यावर ज्वारी-बाजरी वाचवावी आणि दुष्काळ टळावा.

प्रत्यक्षात काय झाले, ते तुम्हाला अंदाजानेही सांगता येईल. पाऊस बरा झालेल्या वर्षी ज्वारीला कालव्याचे पाणी कोणीच मागत नसे. फुकट पाऊस पडत असताना पाणीपट्टी कोण भरणार? पाऊस ओढ देई त्या वर्षी मात्र एकाच आठवड्यात सगळे पाणी मागायला येत, आणि एवढी वहनक्षमता कोणत्याच कालव्याची नसते. चांगल्या वर्षी धरण भरलेले आणि गिऱ्हाईक नाही, वाईट वर्षी गिऱ्हाईक भरपूर आणि पाणी अपुरे. या दोन टोकांत कालव्याचा खर्चही निघत नव्हता.

वर्षभर पाणी मागणारे एकच पीक होते, ऊस. त्यामुळे जो ऊस लावील त्याला पाणी मिळत गेले. मुखाकडच्या गावांत आणि कालव्याला लागून असलेल्या रानांत ऊस वाढला. पट्टी क्षेत्रावर असल्यामुळे एक पाणी जास्त घेतले काय आणि चार घेतली काय, शेतकऱ्याला फरक पडत नव्हता. शेत तुडुंब भरून पाणी शेजारच्या रानात जाई. शेपटाकडच्या गावाला कालवा दिसायचा, पण त्यातले पाणी त्यांच्या बांधापर्यंत पोचायचे नाही.

आणि जमीन बिघडू लागली. नीरा खोऱ्यातली खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते, निचरा कमी. अशा रानात वर्षानुवर्षे ऊस आणि तुडुंब पाणी दिले की खालची पाणीपातळी वर येते, उन्हाळ्यात ते पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार वर राहतात. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होतात न होतात तोच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करण्याची वेळ मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यावर आली. दुष्काळ हटवायला आणलेल्या पाण्यानेच रान पांढरे पडू लागले होते.

१९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग देशभर फिरत होता. विश्वेश्वरय्यांची त्याच्यापुढे साक्ष झाली. मुंबई इलाख्यातली धरणे खर्चिक, त्यांचे पाणी पुरते वापरले जात नाही आणि उत्पन्नही नाही, हा आयोगाचा आक्षेप त्यांना झोंबला. त्यातून ब्लॉक पद्धतीचा आराखडा आला आणि १९०४ च्या सुमारास नीरा कालव्यावर ती सुरू झाली.

पद्धत अशी. कालव्याचे पाणी मुखाजवळच्या थोड्या गावांत न अडकवता जास्तीत जास्त गावांत पोचवायचे. प्रत्येक गावात मात्र ते विखरून द्यायचे नाही, निचऱ्याची योग्य जमीन निवडून तिचा एक सलग गट, म्हणजे ब्लॉक, पाडायचा. ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची हंगामी पिके. दरवर्षी उसाची जागा बदलायची, म्हणजे तीन वर्षांत फेरपालट पूर्ण होते. आणि शेतकऱ्याला एका हंगामाची नव्हे, सहा वर्षांच्या पाण्याची हमी द्यायची.

सहा वर्षांची हमी हा यातला सर्वांत शहाणपणाचा भाग, असे आमचे मत आहे. पुढची सहा वर्षे पाणी नक्की आहे म्हटल्यावर शेतकरी बांधबंदिस्ती करतो, शेणखत भरतो, चारी दुरुस्त ठेवतो. पाऊस पडला तरी त्याची पट्टी ठरलेली, म्हणून कालव्याचे उत्पन्नही ठरलेले. धरणात किती पाणी आहे आणि ते कोणाला बांधून दिले आहे, याचा हिशेब खात्याला पावसाळा संपताच मांडता येतो. मोकळ्या पाण्याची सवय लागलेल्या बागायतदारांनी सुरुवातीला कुरकुर केली. हक्काचे पाणी मिळते आहे असे दिसल्यावर ब्लॉकसाठी मागणी येऊ लागली.

तीस एकरांच्या ब्लॉकचा हिशेब

आजच्या आकड्यांनी पाहू म्हणजे ही कल्पना नीट कळेल. पाटपाण्यावर सुरू उसाला सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते, पूर्वहंगामीला ३०० आणि आडसालीला ३५०. गव्हाला ४० आणि रब्बी ज्वारीला ३० सेंटिमीटर धरू. जमीन आणि हवामानाप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात, इथे ढोबळ घेतले आहेत.

तीस एकर सगळा सुरू ऊस लावला तर ३० गुणिले २५०, म्हणजे ७,५०० एकर-सेंटिमीटर पाणी लागेल. त्याच तीस एकरांत दहा एकर ऊस, दहा एकर गहू आणि दहा एकर ज्वारी घेतली, तर २,५०० अधिक ४०० अधिक ३००, एकूण ३,२००. एका गावाच्या नुसत्या उसाला जे पाणी लागते, त्यात असे दोन गावांचे ब्लॉक भिजतात आणि तरीही थोडे शिल्लक राहते. ऊस बंद करा असे विश्वेश्वरय्यांनी कधी म्हटले नाही. नगदी पीक हवेच, नाहीतर पट्टी कुठून भरणार, हे त्यांना कळत होते.

फेरपालटीचा दुसरा फायदा जमिनीला. दोन वर्षे हलके पाणी मिळाले की पाणीपातळी खाली बसायला वेळ मिळतो. तुमच्याकडे खोडव्यावर खोडवा चालू असेल आणि रानात पांढरे डाग दिसू लागले असतील, तर माती तपासून घ्या. जमीन क्षारयुक्त असेल तर आधी चर काढून निचरा करा, चोपण असेल तर तपासणीच्या अहवालाप्रमाणे जिप्सम आणि धैंचा-तागाचे हिरवळीचे खत. निचरा न करता नुसते जिप्सम टाकून पैसा वाया जातो.

ब्लॉक पद्धतीचे पुढे काय झाले

कागदावर तिसरा हिस्सा ऊस, रानात मात्र उसाचा ओढा थांबला नाही. गुळाला भाव आला, पुढे साखर कारखाने आले, आणि ब्लॉक म्हणजे उसाचा परवाना असाच अर्थ लोकांच्या तोंडी बसला. ज्याचा ब्लॉक मंजूर त्याची सोय झाली, ज्याचा नाही तो उरल्यासुरल्या पाण्यावर. फडात प्रत्येकाचा वाटा प्रत्येक फडात होता आणि नोकर गावाचे होते. ब्लॉकमध्ये मंजुरी सरकारची, देखरेखही सरकारची. पाटकरी गावाला उत्तर देणारा न राहता शाखा कार्यालयाला उत्तर देणारा झाला, आणि गावाने आपल्याच शेजाऱ्याला रोखण्याची जी शक्ती फडात होती ती इथे राहिली नाही. विश्वेश्वरय्यांच्या योजनेतली ही मोठी उणीव. माणसांपेक्षा नियमांवर त्यांचा भरवसा जास्त होता.

हा दोष ओळखूनच महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी द्यायचे आणि आत वाटप संस्थेने करायचे. तुमच्या चारीवर अशी संस्था असेल तर दोन गोष्टी विचारा. मापनपट्टी चालू आहे का, आणि पाळी शेपटाकडून मुखाकडे लागते की उलट. या दोन उत्तरांवरून संस्था जिवंत आहे की नुसती नोंदलेली, ते समजते.

मैलापाण्याचे अभियंता

त्यानंतर विश्वेश्वरय्या मुंबई सरकारचे स्वच्छता अभियंता झाले. गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या आणि गटारांच्या योजना त्यांच्या हातून गेल्या. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवले, कारण ते बंदर तेव्हा मुंबईच्या कारभाराखाली होते. तिथे पाऊस जवळपास नाही. अठरा मैलांवर लाहेजच्या बाजूला कोरड्या नदीच्या पात्राखाली पाणी आहे, ते विहिरी घेऊन आणावे असा अहवाल त्यांनी दिला. सक्करचा धडा वाळवंटात उपयोगी पडला.

१९०८ च्या सुमारास त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कामात अनेक वरिष्ठांना मागे टाकले असले, तरी मुख्य अभियंत्याची खुर्ची भारतीयाला मिळणार नाही हे उघड होते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबादेत हजारो माणसे गेली. पुढच्या वर्षी निजाम सरकारने त्यांना बोलावले. त्यांनी शहराच्या वरचे सगळे खोरे तपासले. मुसीच्या त्या पाणलोटात ७८८ तलाव होते आणि त्यातले २२१ फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, तो फुटला की त्याच्या खालच्यावर. पावसाचे पाणी आणि फुटलेल्या तलावांचे पाणी एकदमच शहरावर आले. तुमच्या पाणलोटात साखळी बंधारे किंवा पाझर तलाव असतील तर सर्वांत वरच्या तलावाचा सांडवा आधी पाहा. त्यावर वाढलेली बाभूळ आणि त्यात अडकलेला गाळ खालच्या प्रत्येक गावाला महागात पडू शकतो.

मुसी आणि ईसी या दोन नद्यांवर वरच्या बाजूला पूर धरणारे दोन जलाशय बांधावेत, असे त्यांनी सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुरापासून संरक्षण आणि शहराला पिण्याचे पाणी, दोन्ही कामे एकाच साठ्यातून. त्याबरोबरच मैला नदीत न सोडता दोन्ही काठांनी बंद गटारे टाकून शहराबाहेर न्यावा, ही भुयारी गटाराची योजनाही त्यांची. मुसीची आजची अवस्था पाहिली तर शहर त्या योजनेपेक्षा कितीतरी पटींनी वाढले हे दिसते.

म्हैसूर आणि मंड्या

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवरच्या कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. धरण सिमेंटचे नाही, चुना आणि भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, यांच्या मिश्रणात बांधलेले आहे. खालच्या मद्रास इलाख्याने पाण्यावरून हरकत घेतली, लवाद झाला आणि १९२४ मध्ये करार झाला. त्या भांडणाची पुढची पिढी तुम्ही टीव्हीवर पाहिलीच आहे. दिवाणपदावरून ते गेले ते मागास समाजांना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर. त्यांना त्या मान्य नव्हत्या. पाणी अनेक गावांत वाटून देण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाने नोकऱ्यांबाबत वेगळी भूमिका घेतली, हे चरित्रात नोंदवायला हवे.

धरण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले आणि मंड्या भागात मोठा कालवा गेला. आज त्याला त्यांचेच नाव आहे. त्या कालव्यावर ऊस, भात आणि नाचणी अशा फेरपालटीची ब्लॉक पद्धत लावली गेली. बारामतीचा नियम मंड्याला गेला. साखर कारखानाही १९३३ मध्ये आला, आणि नीरेवरचीच गोष्ट तिथे पुन्हा घडली. वरच्या भागात ऊस आणि भात वाढत गेले, शेपटाकडची गावे पाण्यासाठी भांडत राहिली.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभर वर्षे ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये बंगळूरला त्यांचे निधन झाले.

मुठा कालव्यावर आज

१८९९ मध्ये जो मुठा कालवा त्यांच्या ताब्यात होता, त्याला आता हवेली आणि दौंडकडचे शेतकरी बेबी कालवा म्हणतात. धरणाचे गोडे पाणी बव्हंशी पुणे शहर वापरते. शहराने वापरून प्रक्रिया केलेले पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून या जुन्या कालव्यात सोडले जाते आणि त्यावर शेती होते. पाणी मिळते ही जमेची बाजू. पण त्याला वास येतो, फेस दिसतो, विहिरींचे पाणी बिघडते, अशा तक्रारीही त्याच भागातून येतात.

तुमच्याकडे कालव्याने, ओढ्याने किंवा नदीने असे शहराचे पाणी येत असेल तर ते तपासल्याशिवाय वापरू नका. अर्धा ते एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळा आणि वाहत्या धारेतून नमुना भरा. काठाचे साचलेले पाणी घेऊ नका. गाव, गट नंबर, तारीख आणि पाण्याचा स्रोत लिहून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. अहवालात विद्युत वाहकता ०.७५ च्या आत असेल तर क्षारांच्या दृष्टीने पाणी चांगले. २.२५ च्या पुढे गेली तर निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला ते देऊ नका. सोडियमचे शोषण गुणोत्तर १० च्या वर असेल तर जमीन चोपण होण्याचा धोका आहे. क्षार आणि सोडियम ठीक असले तरी जंतूंचा प्रश्न राहतोच. म्हणून कोथिंबीर, मेथी, पालक, काकडी, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा पाण्याला थेट लागणाऱ्या पिकांना हे पाणी टाळा. ऊस, चाऱ्याचा मका किंवा फुलझाडांना ते सरीतून द्या, तुषार संचाने नको. पाणी देताना पायात गमबूट आणि हातात मोजे घाला. पुढचा नमुना उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या आवर्तनात घ्या. तेव्हा नदीतले गोडे पाणी सर्वांत कमी असते आणि अहवाल सर्वांत खरा येतो.